सायकल न चालवता सायकलवर कसं बसावं : मॅरेथॉनला सोबत जाणाऱ्या नवशिक्यांसाठी

मॅरेथॉनच्या स्वयंसेवकांसाठी जो फॉर्म असतो, त्यात ‘सायकल चालवता येते का?’ असा एक रकाना असतो. लोक बिनदिक्कत ‘हो’ लिहितात आणि तिथंच फसतात. चालवता सगळ्यांनाच येते. विचारायला हवं ते असं : शेजारी एक माणूस घामाघूम होऊन धावतोय, तुम्ही सीटवर बसलेले आहात, त्याला मागं टाकायचं नाही, त्याच्या वाटेत यायचं नाही, त्याला हात लावायचा नाही आणि स्वतः पडायचंही नाही, हे साडेतीन तास जमेल का? जमणार असेल तर पुढं वाचा. नसेल तर पाण्याच्या टेबलावर उभं राहा. तिथं सावली असते.

पात्रता

लाखभर रुपयांची कार्बनची सायकल, अंगाला घट्ट बसलेले कपडे आणि पेडलला खटक्यानं अडकणारे बूट, असा गडी या कामाला सगळ्यात कुचकामी. सायकल सावकाश झाली की त्याचा तोल जातो, बूट वेळेवर सुटत नाही आणि तो बंदोबस्ताच्या हवालदारासमोर शांतपणे आडवा होतो. खरा लायक उमेदवार म्हणजे लहानपणी गणेशोत्सवात स्लो सायकलिंगचं बक्षीस मिळवलेला. चुन्याच्या दोन रेघांमधून, पाय न टेकवता, सगळ्यांच्या शेवटी पोचायचं आणि पहिला नंबर घ्यायचा, ही कला आपल्याकडे गल्लोगल्ली जोपासली गेली. तिचा पुढं आयुष्यात काहीच उपयोग होत नाही अशी समजूत आहे. ती चुकीची आहे.

हिशेब करून बघा. अर्धमॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किलोमीटर. पहिला येणारा पोरगा ती सत्तर मिनिटांत संपवतो असं धरलं, तर त्याचा वेग ताशी अठरा किलोमीटर पडतो. या वेगाला सायकल मजेत चालते, फक्त तुम्हाला रोज चालवायची सवय हवी. साडेतीन तास घेणाऱ्या शेवटच्या माणसाचा वेग ताशी सहा. या वेगाला सायकल सरळ राहायलाच तयार नसते. हँडल सारखं डावीउजवीकडं हलवत राहावं लागतं, आणि मागून बघणाऱ्याला वाटतं की स्वयंसेवक काहीतरी घेऊन आलाय. दर अर्ध्या किलोमीटरला उतरून सायकल हातात धरून चालावं. यात कमीपणा नाही.

सायकलीची तयारी

घंटी चालू हवी. हे लिहायची वेळ यावी याचं वाईट वाटतं, पण हल्लीच्या महागड्या सायकलींना घंटीच नसते. मग मालक तोंडानं ‘ओ काका, ओ काका’ करत जातो आणि सातव्या किलोमीटरला त्याचा घसा बसतो.

पायडल मारायचं थांबवलं की मागच्या चाकातून येणारी टिकटिक, हिच्याकडं दुकानदारसुद्धा लक्ष देत नाही, पण धावणाऱ्याच्या कानामागं ती दीड तास वाजली की तो वैतागतो. त्याला वाटतं कुणीतरी घाई करतंय. म्हणून धावकाच्या अगदी पाठीशी असाल तेव्हा पाय हलके फिरते ठेवा. चेन फिरत राहिली की टिकटिक बंद होते. याचा सराव आदल्या दिवशी सोसायटीच्या आवारात करावा, वॉचमन हसला तरी.

ब्रेक दोन्ही तपासा. पावसात रिमवर दाबणारे रबरी ब्रेक उशिरा पकडतात. स्टँड काढून टाकू नका, पुढं लागेल. कॅरिअर मात्र काढा. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये फ्रेड लॉर्झ नावाच्या धावकाच्या पायात गोळे आले, तो मोटारीत बसला, मोटार वाटेत बंद पडली तसा उतरून पळत स्टेडियममध्ये शिरला आणि पहिला आला म्हणून त्याच्यावर कौतुकाचा वर्षाव सुरू झाला. थोड्याच वेळात बिंग फुटलं. याच लॉर्झनं पुढच्या वर्षी बॉस्टन मॅरेथॉन स्वतःच्या पायांनी जिंकली, त्यामुळे त्याच्यात दम नव्हता असं नाही; समोर बसायला जागा होती एवढंच. अठराव्या किलोमीटरला मोकळं कॅरिअर दिसलं की सज्जनांच्याही मनात तेच येतं.

मदत न करण्याची कला

आपल्याकडं कुणी दमलेला दिसला की आधी पाणी द्यायचं आणि मग कोण म्हणून विचारायचं, अशी रीत आहे. पुढच्या धावकांच्या बाबतीत ती घरी ठेवून या.

पूर्वी असं नव्हतं. १८९७ साली पहिली बॉस्टन मॅरेथॉन झाली तेव्हा पंधरा धावक होते आणि त्यांच्या सोबतीला सैन्याच्या रुग्णसेवा पथकातली माणसं सायकलवरून गेली होती. जवळ पाणी, लिंबं आणि ओले रुमाल. म्हणजे सायकलवरचा सोबती हा या शर्यतीइतकाच जुना आहे. किंबहुना त्याची सुरुवात सेवेकरी म्हणूनच झाली. मग नियम आले. आता पाणी घ्यायचं ते ठरलेल्या स्टेशनांवर. शर्यतीत नसलेल्या माणसानं वाटेत बाटली पुढं केली किंवा वेग धरायला सोबत केली, तर ती बेकायदा मदत ठरते आणि बाद होऊ शकतो तो धावक, तुम्ही नाही.

एल्युड किपचोगेनं १२ ऑक्टोबर २०१९ रोजी व्हिएन्नात मॅरेथॉनचं अंतर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत संपवलं. सगळ्या जगानं ते पाहिलं, तरी विश्वविक्रमांच्या यादीत ते नाही. खुली शर्यत नव्हती, वेग धरून देणारे धावक टप्प्याटप्प्यानं बदलत होते, आणि त्याच्या बाटल्या सायकलवरून त्याच्या हातात दिल्या जात होत्या. माणसाच्या इतिहासातल्या तोवरच्या सर्वांत वेगवान बेचाळीस किलोमीटरांच्या आड जी कारणं आली, त्यात एक सायकलवाला आहे. इतक्या मोठ्या दोषात वाटा मिळणं हाही एक मानच, पण तुमच्या तालुक्याच्या शर्यतीत तो मिळवायला जाऊ नका.

डोरांडो पिएत्रीचं उदाहरण तर प्रत्येक स्वयंसेवकाला तोंडपाठ हवं. लंडन, १९०८. हा इटालियन पहिला स्टेडियममध्ये आला, उलट्या दिशेला वळला, पडला, उठला, पुन्हा पडला. पंचांना आणि डॉक्टरांना राहवलं नाही. त्यांनी त्याला धरून धरून अंतिम रेषेपार नेलं, आणि त्यापायीच तो बाद झाला. सुवर्णपदक अमेरिकेच्या जॉनी हेजला गेलं. दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्रानं पिएत्रीला चषक दिला, ते ठीक. तुमच्या शर्यतीला राणी येणार नाही. फार तर नगरसेवक येतील, तेही उशिरा.

पुढची जागा

पहिल्या धावकाच्या पुढं जाणाऱ्या सायकलला ‘पायलट’ म्हणतात. या जागेसाठी मारामारी असते, कारण फोटोत येतो. बक्षीस समारंभाच्या बातमीतला फोटो नीट बघा : विजेत्याचं अर्धं तोंड पायलटच्या हेल्मेटमागं गेलेलं असतं. म्हणून दहा-पंधरा मीटर पुढं आणि एका बाजूला राहायचं. अगदी नाकासमोर राहिलात तर वारा तुम्ही अडवता, आणि तीही एक मदतच.

दुसरं, रस्ता पाठ हवा. अगदी पाठ, ‘बाण लावलेले असतात’ यावर विसंबू नये, कारण बाण पहाटे लावतात आणि त्यावर साडेपाचपर्यंत कुणीतरी टेम्पो लावतो. २०१७ च्या व्हेनिस मॅरेथॉनमध्ये पुढच्या मोटारसायकलीनं वळण चुकवलं आणि आघाडीचे आफ्रिकन धावक तिच्यामागं भलत्याच रस्त्याला लागले. ते वळून येईपर्यंत मागून येणारा इटलीचा एयोब फानिएल निघून गेला आणि जिंकलाही. धावणारा माणूस रस्ता बघत नसतो, तो तुमच्याकडं बघत असतो. तुम्ही चहाला वळलात तर तोही चहाला येईल.

वाटेत काय काय येईल? मॉर्निंग वॉकचे काका येतील. त्यांचा घोळका रस्त्याच्या बरोबर मध्यातून चालतो आणि ‘काका, जरा बाजूला’ म्हटलं की आधी थांबून वळून तुमच्याकडं बघतो. त्यांच्यासाठी घंटी पन्नास मीटर आधीपासून, आणि हाक आदरानं : ‘काका, शर्यत आलीय, डावीकडं घ्या हं.’ डावीकडं असं सांगायचं. नुसतं ‘बाजूला’ म्हटलं तर निम्मे इकडं आणि निम्मे तिकडं जातात आणि पुन्हा मध्ये भेटतात. कुत्री येतील. धावणाऱ्याला ती सोडून देतात, सायकल मात्र त्यांना सहन होत नाही. उतरा. उतरलेल्या सायकलवाल्यातला त्यांचा रस तत्काळ संपतो. प्रोत्साहनासाठी लेझीम पथक उभं केलेलं असेल, त्यातली मुलं उत्साहानं रस्त्याच्या मध्यापर्यंत आलेली असतील आणि गुरुजी मोबाइलवर चित्रण करत मागं मागं सरकत असतील. गुरुजींवर लक्ष ठेवा.

आणि एखादा वेडसर माणूसही येऊ शकतो. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ब्राझीलचा वांडरलेइ डि लिमा पुढं असताना नील होरान नावाच्या माणसानं त्याला धरून प्रेक्षकांत ढकललं. सोडवायला आधी कोण धावलं, तर पॉलिव्हिओस कोसिवास हा ग्रीक प्रेक्षक. डि लिमाला ब्राँझवर समाधान मानावं लागलं. पायलटनं अधूनमधून मान वळवून मागं बघायचं असतं ते यासाठी.

घाटातल्या शर्यतीचा वेगळा विचार करायला हवा. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन घ्या. २०१२ पासून होते आहे; यवतेश्वरचा घाट चढून जायचं आणि त्याच वाटेनं उतरून यायचं. पावसाळा सरत आलेला, रस्ता ओला, वर धुकं. अशा चढावर पायलटगिरी करायची हौस कुणाला असेल तर त्यानं आदल्या रविवारी एकट्यानं तो घाट विजेत्याच्या वेळेत चढून पाहावा. निम्म्या वाटेत बहुतेकांना आठवतं की रविवारी घरी पाहुणे येणार आहेत. चढावर धावक पुढं आणि त्याचा मार्गदर्शक जिभा काढत मागं, हे दृश्य प्रेक्षकांना आवडतं, आयोजकांना आवडत नाही. तिथं मोटारसायकलच बरी. उतारावर चित्र उलटं : सायकल थांबता थांबत नाही आणि त्याच रस्त्यावर समोरून चढणाऱ्यांची रांग आलेली असते. दोन्ही ब्रेक थोडे थोडे, दाबत-सोडत. नुसता पुढचा जोरात दाबलात तर यवतेश्वराचं दर्शन फार जवळून घडेल.

बाईंच्या पुढची जागा

स्त्रिया आणि पुरुष एकत्र धावत असतील तर पहिल्या महिलेच्या पुढं वेगळी सायकल असते, ‘प्रथम महिला’ अशी पाटी लावलेली. हे सगळ्यात अवघड काम आहे आणि ते सायकलीमुळं अवघड नाही. पाटी दिसली की आसपासच्या पुरुषांच्या अंगात अचानक बळ संचारतं. आतापर्यंत रडतखडत चाललेला एखादा गृहस्थ पाटी वाचतो, मागं बघतो, ताई येताना दिसतात, आणि मग तो असा सुटतो की तीनशे मीटरपर्यंत तुमच्या हँडलला खांदा लावून धावतो. मग कमरेवर हात ठेवून उभा राहतो. पुढं दुसरा तयार असतो. याच माणसांच्या खांद्यांना खांदे लागून ताईंची वाट अडते. इथं घंटीचा उपयोग नाही. ‘दादा, ताईंना जाऊ द्या, पहिल्या आहेत’ असं मोठ्यांदा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणा. बायकोला ओळखणारं कुणीतरी आसपास असेल या भीतीनं माणूस सरकतो.

मागची जागा

आता मुख्य काम. शेवटच्या धावकाच्या मागं जी सायकल असते तिला ‘स्वीप’ म्हणतात. हा शब्द त्या धावकाच्या कानावर पडू देऊ नका. झाडून घेतलं जातंय असं कुणाला आवडेल?

पुढं जे जे करू नका म्हणून सांगितलं, ते इथं बरंचसं उलटं होतं. नियमांचं पुस्तक बक्षिसाच्या रांगेतल्यांसाठी आहे. शेवटून पहिल्या आलेल्या पंचावन्न वर्षांच्या मावशींना तुम्ही वाटेत पाणी दिलंत तर त्यांच्यावर हरकत घ्यायला कुणीही येणार नाही. द्या. लिमलेटची गोळी द्या, मिठाची पुडी आणि लिंबू जवळ ठेवा. १८९७ च्या त्या सैनिकांचं सामान आजही पुरेसं आहे.

मागं चालताना लक्षात येईल की शर्यत तुमच्या डोळ्यांदेखत मोडली जातेय. पाण्याच्या टेबलावरची मुलं पसारा आवरत असतात. किलोमीटरच्या पाट्या टेम्पोत पडत असतात. रस्ता उघडायचा म्हणून हवालदार घड्याळ बघत असतो, कारण त्याच्यामागं तासभर अडकलेले रिक्षावाले आहेत. तुमची खरी नोकरी या सगळ्यांशी आहे. मावशी टेबलापाशी पोचायच्या आधी शंभर मीटर पुढं जा, सायकल स्टँडवर लावा (म्हणून स्टँड ठेवायला सांगितलं), टेबलावरच्या मुलाला सांगा की दोन ग्लास भरून ठेव आणि त्या येईपर्यंत टेबलाची घडी करू नकोस. हवालदारसाहेबांना सांगा की एकच राहिल्यात, पदपथाच्या कडेनं नेतो. मग परत मागं. मावशींना यातलं काही कळता कामा नये. त्यांना वाटलं पाहिजे की शर्यत अजून तशीच मांडलेली आहे.

बोलायचं का? त्या बोलल्या तर बोला. दम लागलेल्या माणसाला प्रश्न विचारू नयेत, कारण सुसंस्कृत माणसं उत्तर देतात. ‘अजून किती?’ या प्रश्नाला ‘आलंच की’ असं कधीही म्हणू नका. कोपऱ्यावर वळलं की आलंच, असं ज्यांना चौदाव्या किलोमीटरला सांगितलं गेलंय, ती माणसं पुढं कुणावरही विश्वास ठेवत नाहीत. खरा आकडा सांगा. त्यावर त्या मनगटाकडं बघून म्हणतील, ‘पण माझ्या घड्याळात तर जास्त झालंय.’ याचं उत्तर अभिमानानं द्या, कारण ते सायकलीचं आहे. अधिकृत मॅरेथॉनचा मार्ग सायकलनंच मोजतात. पुढच्या चाकाला जोन्स काउंटर नावाचं छोटं यंत्र लावतात, आधी टेपनं मोजलेल्या सरळ पट्ट्यावर चालवून ते जुळवून घेतात, आणि मग वळणाच्या आतल्या कडेपासून हातभराच्या आत राहून कमीत कमी अंतर मोजतात. वर अंतर कमी पडू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर जादा धरतात. मावशी प्रत्येक वळण बाहेरून घेत आल्यात, सावली होती तिकडून. घड्याळ आपल्या परीनं त्याचाच हिशेब देतंय.

एक गोष्ट मात्र गमतीची नाही. धावक तिरका चालायला लागला, विचारलेल्याला भलतंच उत्तर देतोय, उन्हात असून शहारतोय, तर त्याला पुढं जाऊ देऊ नका. नाव विचारा, गाव विचारा, आज वार कोणता ते विचारा. उत्तर अडखळलं की सावलीत बसवा, डोक्यावर-मानेवर-काखेत गार पाणी घाला, आणि रुग्णवाहिकेला फोन करताना आपण कुठं आहोत ते नीट सांगा : कोणतं दुकान, कोणता चौक. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका. ‘मी ठीक आहे’ या वाक्यावर जाऊ नका. ते सगळेच म्हणतात. १८९६ च्या अथेन्समध्ये ऑस्ट्रेलियाचा एडविन फ्लॅक आघाडी घेऊन धावत होता, आठशे आणि पंधराशे मीटरची शर्यत जिंकलेला माणूस, सोबतीला वकिलातीतला एक जण सायकलवर. शेवटच्या काही किलोमीटरांत फ्लॅकला भान राहिलं नाही. त्याला सावरायला पुढं आलेल्या प्रेक्षकाला त्यानं ठोसा मारला. तेव्हा धावकानं शिवी दिली तर मनावर घेऊ नका, फोन लावा.

शर्यत संपल्यावर

तुम्ही पोचाल तेव्हा कमान उतरवत असतील. कमान धरून ठेवायला लावा. मावशींचा फोटो कमानीखालीच निघाला पाहिजे, आणि तो तुम्ही काढायचा, त्यात यायचं नाही. पदकं संपली आहेत असं कुणी सांगितलं तर खोकी उघडायला लावा, खोक्याच्या तळाशी असतातच. पोहे मात्र खरोखर संपलेले असतात. स्वयंसेवकांच्या टी-शर्टमध्येही फक्त डबल एक्सएल उरलेला असतो.

पुढच्या फॉर्ममध्ये पसंतीच्या रकान्यात ‘मागची सायकल’ असं लिहा. पायलटच्या जागेला रांग असते. मागच्या जागेसाठी आयोजक शनिवारी रात्री अकरा वाजता माणसं शोधत फोन करत बसलेले असतात. तेव्हा आधीच लिहा, आणि येताना पोह्यांचा डबा घरून आणा, दोघांना पुरेल एवढा.